नाण्यावरची सरळ रेघ

आमच्या तालुक्यात किनाऱ्याकडच्या गावांमधून दागिन्यांच्या डाय कोरायचं काम घराघरांत चालत आलं आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी आणि खोल कोरायची. सोनार त्यावर पत्रा ठेवून दाब देतो आणि फूल, पान, मणी वर उठून येतात. माझे वडील हेच करायचे, मीही डहाणूला तेच करत आलो. साच्यात ओतलेले, कास्टिंगचे दागिने आल्यापासून काम कमी झालं आणि हातात वेळ उरायला लागला. त्या वेळात मी नाणी बघायला लागलो.

जमवायला नाही, बघायला. मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले होते, अमुक चुकीचं नाणं तुमच्याकडे असेल तर लाखो मिळतील म्हणून. बाजारातले, बंदरावरचे, बोर्डीचे वाडीवाले, कोणी ना कोणी नाणं घेऊन माझ्याकडे यायचं. डाय कोरणाऱ्याला दाब कळतो, एवढाच माझा अधिकार. बहुतेकांना मी नाहीच सांगायचो. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं आलं की ते वाजवून बघायचं. दोन नाणी अर्धी अर्धी तासून चिकटवलेली असतात, त्यांचा आवाज बसका येतो आणि कडेच्या आत बारीक सांधा दिसतो. दहाच्या नाण्याचा मधला भाग तापवून, ठोकून काढून उलटा बसवलेला असतो. कडेला चावा घेतल्यासारखं नाणं असेल तर मी आधी चाव्याच्या बरोबर समोरची कड बघतो. टांकसाळीतच तुकडा कमी पडला असेल तर समोरचीही कड नीट उठत नाही. कानशीने घासणाऱ्याला हे माहीत नसतं, त्याची समोरची कड ठणठणीत असते. आणि पकडीत नाण्यावर नाणं ठेवून दाबलेलं असेल तर दुसऱ्याचा ठसा उलटा आणि खड्ड्यात उमटतो, शिवाय मागच्या बाजूची नक्षी चेपते.

लोक नाराज होऊन जायचे. पण पुन्हा यायचेही, कारण मी कोणाकडून काही घेत नव्हतो.

माझी मोठी बहीण तलासरीला दिली. मेहुणे गेले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. हायवेच्या कडेला त्यांच्या घरची खानावळ आहे. मेहुण्यांनंतर ती तिच्या दिराने चालवायला घेतली, आणि ताई तव्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. ट्रकवाले पहाटेपासून येतात. तिला पगार नव्हता, कारण ती घरची. तिचं कोणी ऐकतही नव्हतं, कारण ते घर दिराचं. झोपायला तिला कोठीची खोली दिली होती. तांदळाची पोती, तेलाचे डबे, भरलेले सिलिंडर आणि एका बाजूला तिची खाट. ती कोठी असल्यामुळे तिच्या दाराची कडी बाहेरून होती. आतून काहीच नाही. जाऊ पोतं उघडायला केव्हाही आत यायची. ताई साडी बदलत असली तरी यायची आणि जाताना सवयीने बाहेरून कडी घालायची. मग ताईने आतून दार वाजवायचं आणि कोणीतरी हसत येऊन उघडायचं.

"मुद्दाम करत नाहीत रे," ताई मला म्हणायची. "विसरतात."

२०१८च्या भाऊबीजेला मी नेहमीसारखा एसटीने तलासरीला गेलो. ताईने तवा जावेकडे दिला, हात धुतले आणि खानावळीच्या मागच्या पडवीत मला ओवाळलं. मी ताटात ओवाळणी घातली. तिने कमरेची गाठ सोडून एक रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हे बघ. सगळ्यांची बघतोस, माझं एक बघ."

जुना, जाड, पांढऱ्या धातूचा रुपया होता. लग्नात वडिलांनी तो तिला दिला होता. सांभाळ, असं दुसरं नाही, एवढंच ते म्हणाले होते. ती तो गाठीत ठेवून विसरली होती. मग खानावळीत कोणाच्या तरी मोबाइलवर ते व्हिडिओ बघितले आणि आठवलं.

भिंग माझ्या खिशात असतंच. सिंहाच्या बाजूला, खाली कडेकडे, पाकळ्या होत्या. अर्ध्या फुलासारख्या, अगदी बारीक. पहिली गोष्ट मी बघितली ती ही, की त्या खड्ड्यात नव्हत्या, वर उठलेल्या होत्या. पकडीत दाबलेल्या नाण्यावर असं होत नाही. मागची बाजू उलटवली. आकडा, कणसं, सगळं जागेवर, काही चेपलेलं नाही. हत्याराचा ओरखडा नाही. डाग देऊन काही जोडलेलं नाही. पाकळ्यांच्या मुळाशी धातू वाहत गेल्याच्या बारीक रेषा होत्या. एकाच सरळ, जड दाबाने तशा येतात.

दीर पडवीच्या दारात येऊन उभा होता. "काय मग भाऊ, आमच्या वहिनी लखपती होणार की नाही?"

मी म्हणालो, नंतर कोणी छेडछाड केलेली दिसत नाही. खरं असू शकेल.

मी तोवर कोणालाही इतकं बोललो नव्हतो. ताईला ते माहीत होतं. ती ओवाळणीच्या ताटातली निरांजनाची वात सारखी करत राहिली. दीर मात्र संध्याकाळपर्यंत खानावळीत येईल त्याला सांगत होता. त्यातूनच वापीकडचा नाण्यांचा एक शौकीन सापडला. कारखान्यांना खोकी पुरवणारा, पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्याने नाणं बघितलं, फोटो काढले आणि ताईला एक किंमत सांगितली. तुमचा डहाणूचा भाऊ समोर बसून हो म्हणाला की लगेच देतो, म्हणाला. संक्रांतीनंतर येतो.

त्या पैशांत डहाणूला एक खोली भाड्याने घेऊन ताईला काही वर्षं सहज काढता आली असती. मधल्या काळात पापड-लोणच्यांचं काहीतरी जमवता आलं असतं. तिने हे सगळं आधीच ठरवलेलं होतं. मला फोनवर म्हणाली, खोली कशीही चालेल, आतून कडी लागणारं दार हवं. आणि एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर नाणं माझ्याकडे पाठवून दिलं, नीट तपासून ठेव म्हणून.

नीट तपासायला मी बसलो. सोन्याच्या काट्यावर वजन केलं, बरोबर सहा ग्रॅम. व्यास बरोबर. कडेचे दाते सगळीकडे सारखे. मागच्या बाजूला, पाकळ्यांच्या बरोबर मागे, बोटाला लागेल न लागेल असा फुगवटा होता. डोळ्याला तो दिसत नव्हता. काचेवर नाणं ठेवलं तेव्हा ते किंचित डुगडुगलं. आणि पाकळ्यांच्या वरच्या अंगाला एक रेघ होती. केसाएवढी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अगदी सरळ.

रेघेपाशी मी अडकलो. टांकसाळीची डाय गोल असते. ती नाण्यावर कशीही पडली, घसरली, दुसऱ्यांदा पडली, तरी तिची कड उमटेल ती वळणदार उमटेल. सरळ रेघ येणार कुठून? मी सगळ्या शक्यता घेतल्या. पट्टीतून चकती कापताना आली म्हणावी, तर ती वरच्या दाबाखाली पुसली गेली असती. मोजण्याची पट्टी ठेवून बघितली, रेघ तंतोतंत सरळ. मी ते नाणं खाली ठेवायचो, दुसरं काम घ्यायचो आणि पुन्हा तेच उचलायचो.

बायको चहा घेऊन आली होती. तिने वाकून भिंगातून बघितलं.

"अहो, रेघ काय बघताय? फूल बघा ना. हे माझं फूल आहे."

तिने कानातलं काढून नाण्याशेजारी ठेवलं. लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला घातलेली कर्णफुलं ती. नक्षी त्यांनीच कोरलेली. सात पाकळ्या, आणि त्यातली एक शेजारणीपेक्षा थोडी अरुंद, कारण तिथे हत्यार सरकलं होतं. ती अरुंद पाकळी नाण्यावरही होती, त्याच जागी.

मग मला देवापुढचा रुपया आठवला. मी शाळेत असताना आमच्या देव्हाऱ्यात नेहमी एक रुपया असायचा आणि त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद असायची. वडील नव्या डायचा पहिला दाब पत्र्यावर घेत नसत. रुपयावर घेत, देवापुढे ठेवत, आणि मगच डाय सोनाराला देत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणी कधी बोललं नव्हतं. मी कामाला बसलो तोवर ते थांबलं होतं. पण डाय मी टाकलेल्या नव्हत्या. खोलीच्या कोपऱ्यात, रॉकेलच्या फडक्यात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत होत्या. दुपारभर शोधल्यावर त्या फुलाची डाय सापडली. चौकोनी ठोकळा. मेणावर दाबली आणि मेणाची बाजू नाण्याला लावून बघितली. पाकळ्या जुळल्या. ठोकळ्याची कड जिथे संपत होती तिथेच ती रेघ होती.

नाण्याखाली त्यांनी शिसं घेतलं असणार, पत्र्याला घेतात तसं. म्हणून मागची नक्षी चेपली नाही, फक्त हलकासा फुगवटा आला. डाय खोल कोरलेली म्हणून पाकळ्या वर उठल्या. दाब आमच्याच हातप्रेसचा, म्हणून धातू तसा वाहिला. मी दुसऱ्यांच्या नाण्यांत ज्या खुणांवरून खोटं ओळखायचो त्यातली एकही इथे नव्हती, कारण हे घरच्या प्रेसवर, घरच्या पद्धतीने, नीट केलेलं काम होतं. पण टांकसाळीतून बाहेर पडल्यावर केलेलं. शौकिनाच्या हिशेबात ते बिघडवलेलं नाणं, किंमत एक रुपया.

मी बायकोला म्हणालो, आता? ती कानातलं परत घालत होती. "आधी ताईंना सांगा," म्हणाली. "त्या वापीवाल्याआधी त्यांना."

फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. मी तलासरीला गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती तरी ताई तव्यासमोरच होती. मी तिला फूल, रेघ, डाय सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"म्हणजे बाबांनी केलंय."

"हो."

"त्या माणसाला हे कळेल?"

मी म्हणालो, त्याला कळणार नाही. बाहेरच्या कोणालाच कळणार नाही. ज्याच्याकडे ही डाय आहे त्यालाच कळेल.

"मग तू त्या दिवशी येऊ नकोस. आजारी पड. भाऊबीजेला बोललास ते दिराने त्याला दहादा सांगितलंय. तेवढ्यावर तो घेईल."

मी म्हणालो, तो पुढे दुसऱ्याला विकेल, माझं नाव सांगून विकेल. ती म्हणाली, विकू दे, त्याला पैशांची तोशीस नाही. मी म्हणालो, मी आजवर इतक्या लोकांना नाही म्हटलंय. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"त्यांचं काय अडलं होतं?" ती म्हणाली. "ते नाही ऐकून आपापल्या घरी गेले. मी कुठे जाऊ? ह्या दारातून त्या कोठीत."

मागून जाऊबाईंनी हाक मारली, चार पोळ्या. ताईने पोळी तव्यावर टाकली. मग पुढचा गोळा घेऊन ती लाटू लागली.

संक्रांत येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी प्रेससमोर बसायचो आणि हातून काम व्हायचं नाही. न जाणं म्हणजे खोटं बोलणंच होतं, फक्त तोंड न उघडता. जाणं म्हणजे ताईच्या दाराला बाहेरून कडी घालणं. एक वेळ मला वाटलं, तिला आपल्याच घरी आणावं, आणि मी फोन करून तसं म्हणालोही. ती म्हणाली, "दिराच्या स्वयंपाकघरातून भावाच्या स्वयंपाकघरात. त्यात काय बदललं?" बायको शेजारीच होती. तिला राग येईल असं मला वाटलं. ती म्हणाली, खरंय त्यांचं.

मी गेलो. मला न जाणं जमलं नाही एवढंच सांगता येईल.

वापीवाला आधीच येऊन बसला होता. टेबल पुसून घेतलेलं, समोर चहा. दीर त्याच्या शेजारी मालकासारखा बसला होता. ताई पडवीच्या उंबऱ्यात होती. मला बघून तिने पदर खोचला. मी नाणं टेबलावर ठेवलं.

"बोला भाई," वापीवाला म्हणाला. "तुम्ही बोलाल ते फायनल."

मी त्याला रेघ दाखवली. टांकसाळीची डाय गोल असते हे त्याला माहीत होतं, त्याने मान हलवली. मग खिशातून तो चौकोनी ठोकळा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने बराच वेळ भिंगातून दोन्ही बघितलं. वाईट वाटलेला माणूस जसा हळू हलतो तसा तो भिंग मिटत होता.

"तुम्ही ही डाय घरीच ठेवून आला असता," तो म्हणाला, "तर मला कधीच कळलं नसतं."

"माहीत आहे."

दीर मोठ्याने हसला. "वहिनी, या. तव्यावर काहीतरी करपतंय."

वापीवाला त्याच्याकडे वळलाही नाही. ताईला म्हणाला, बेन, नाणं काम म्हणून सुंदर आहे, गंमत म्हणून ठेवीन, थोडेफार देतो. ताई उंबऱ्यातून पुढे आली, टेबलावरचा रुपया उचलला आणि गाठीला बांधला.

"माझ्या वडिलांचं आहे," ती म्हणाली. "गमतीला नाही देत."

तो गेला. दीर त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. मी उठलो तशी ताई माझ्यासमोर आली.

"खरं बोललास ना? बरं केलंस. आता मला दार दे."

मी म्हणालो, तू येत नाहीस म्हणतेस.

"तुझ्या घरात नाही येत. तुझी कामाची खोली आहे ना, तिथे येते. गल्लीकडून वेगळं दार काढ. आत चूल माझी, पापड-लोणची तिथेच करून विकीन. आणि भाडं घ्यायचं, दर महिन्याला, हातात. भाडं घेणार नसशील तर येत नाही."

बहिणीकडून भाडं घेतो म्हणून डहाणूत लोक काय म्हणतील ते मी तिथेच ऐकू शकत होतो. पण एसटीत बसल्यावर मी लोकांचा विचार करत नव्हतो. मी खोलीचा करत होतो. त्या खोलीत वडिलांचा प्रेस आहे. जमिनीत पाया घालून त्यांनी आधी तो बसवला आणि भिंती नंतर बांधल्या. दाराची रुंदी मला पाठ आहे, प्रेसचीही. तो सुटा केला तरी त्याची कमान त्या दारातून बाहेर निघत नाही. काम आता नावापुरतं होतं, महिन्यातून एखादी दुरुस्ती. तरी मी रोज त्या खोलीत बसत होतो. दुसरीकडे बसायची सवय नव्हती.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. ताईने एकदाही विचारलं नाही. फोनवर ती गिऱ्हाइकांचं, गुडघ्यांचं बोलायची. तिच्यामागे कोणीतरी दार वाजवत असल्यासारखा आवाज आला की मी कान द्यायचो, आणि ती म्हणायची, "काही नाही, मीच वाजवतेय. थांब, उघडतील."

असं दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी फोन ठेवून खोलीत गेलो आणि गल्लीकडच्या भिंतीवर खडूने माप घातलं.

भंगारवाल्याने प्रेस बघितला आणि म्हणाला, हा इथून कसा निघणार? मी त्याला खडूची खूण दाखवली. गवंड्याने भिंत फोडली. चार माणसांनी लाकडी ओंडक्यांवर प्रेस ढकलत गल्लीत काढला. गल्ली बघायला उभी होती. शेजारच्या म्हातारबुवांनी विचारलंच, बहिणीला भाडेकरू करतोस का रे? मी म्हणालो, ती मला मालक करतेय. भोकाच्या कडा गवंड्याने सारख्या केल्या आणि त्यातच चौकट बसवली. सुताराने सवयीने कडी बाहेरून ठोकायला घेतली होती. बायकोने त्याला थांबवलं.

दिराने काही अडवलं नाही. दोन बायका पगारावर ठेवाव्या लागतील, असं मात्र ऐकवलं. ताई दिवाळीआधी आली, एक ट्रंक आणि खाट घेऊन. खाट टेम्पोतून उतरवली, आत मांडली. जिथे प्रेसचा पाया होता तिथली जमीन अजून ओली होती, तिने पायाने चाचपून बघितली. वडिलांच्या डायची पेटी मी कोपऱ्यात ठेवली होती.

"ही राहू दे," म्हणाली.

मग आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. भर दुपारी आम्ही गल्लीत उभे. बायकोच्या हातात चहाचा पेला होता, तो गार होत चालला. शेवटी मी दारावर टकटक केलं.

"थांब जरा," ताई आतून म्हणाली. "उघडते."